चार अंशांवरची नोकरी

एसीच्या रिमोटवरून त्या दिवशीचं तिसरं भांडण झालं, तेव्हा सकाळचे साडेदहाही वाजले नव्हते. मावशींनी सोळावर आणायचं आणि त्यांची पाठ वळली की संगणकवाल्याने सव्वीसवर न्यायचं, असा खेळ महिनाभर चालला होता. संगणकवाला अंगाने काडीपैलवान. भर उन्हाळ्यात गळ्याला मफलर.

"मावशी, माझे दात वाजतायत हो," तो म्हणाला.

"आणि माझी इथे भट्टी पेटलीय, तिचं काय करू?" मावशींनी रिमोट सरळ पर्समध्ये टाकला आणि चेन ओढून घेतली.

फुलांचा घाऊक व्यापार करणाऱ्या त्या कंपनीत मावशी तेवीस वर्षं ऑर्डरच्या टेबलावर होत्या. दुकानदारांचे फोन घ्यायचे, कुणाला किती गुलाब, किती कार्नेशन, कधी हवेत ते लिहायचं आणि कागद खाली पाठवायचा. मालकांची मुलगी शाळेत असताना दुपारी त्यांच्याच टेबलाखाली बसून गृहपाठ करायची आणि त्यांना मावशी म्हणायची. बघता बघता त्या अख्ख्या कंपनीच्या मावशी झाल्या. आता मालक थकले होते आणि तीच मुलगी एकोणतिसाव्या वर्षी मालकीण होऊन काचेच्या केबिनमध्ये बसत होती. मावशी तिला चारचौघांत 'मॅडम' म्हणत. म्हणताना जीभ अडखळे, पण म्हणत.

मावशींना एक्कावन्नावं चालू होतं आणि गेल्या वर्षभरात त्यांच्या अंगाने काही वेगळंच तंत्र आरंभलं होतं. बसल्या जागी छातीतून एक ऊब उठायची, मानेवरून कानशिलांपर्यंत चढायची आणि क्षणात सगळं अंग घामाने निथळायचं. पाच मिनिटांत ती ओसरायची, की ओल्या कपड्यांत हुडहुडी. पहाटे साडेतीनला डोळे टक्क उघडायचे ते पुन्हा मिटायचं नाव नाही. बोलता बोलता एखादा साधासा शब्द जिभेवरून निसटायचा. परवा फोनवर 'बादली' आठवेना, तर त्या दुकानदाराला म्हणाल्या, "ते हो, पाणी ठेवायचं, कडी असलेलं." आणि राग तर नाकाच्या शेंड्यावर.

डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं होतं, "पाळी जायच्या सुमाराला असं होतं. आजार नाही, पण त्रास खरा आहे. कुणाला दोन वर्षं, कुणाला सात. औषध आहे, हवं तर देते." मावशी म्हणाल्या, विचार करते. तो विचार आणि ती चिठ्ठी दोन्ही पर्सच्या तळाशी तशीच पडून होती. आता त्यांच्या सोबतीला रिमोट गेला.

रिमोट पर्समध्ये पडला तोच एका दुकानदाराचा फोन आला, की पांढऱ्या कार्नेशनचे तीन खोके कमी आलेत. खाली कुणी फोन उचलेना. मावशी तणतणत उठल्या आणि स्वतःच जिना उतरल्या.

खाली पॅकिंगचा हॉल होता आणि हॉलच्या टोकाला शीतखोली. तिला सगळे नुसतं 'कोल्ड' म्हणत. तेवीस वर्षांत मावशी तिथे फार तर दहा वेळा गेल्या असतील, त्याही शाल गुंडाळून, पाय लावून पळत परत येण्यासाठी. आज शालीची आठवणही झाली नाही. त्यांनी जाड दार ओढलं, प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा पडदा सारला आणि आत पाऊल टाकलं.

चार अंश. छातीतून नुकतीच वर चढू लागलेली ती ऊब गळ्यापाशी थबकली आणि आल्या वाटेने परत फिरली.

मावशी जागच्या जागी उभ्या राहिल्या. छताला भिडलेल्या मांडण्या, बादल्यांत मुठी आवळून उभे असलेले गुलाब, ओल्या पुठ्ठ्याचा आणि पानांचा वास, आणि वरून पंख्यांची एकसारखी घरघर. कपाळावरचा घाम सुकला. डोकं इतकं स्वच्छ झालं, जणू कुणी आतून काच पुसली. वर्षभरात पहिल्यांदा त्यांना आपलं अंग आपलं वाटलं.

"बाई, शाल कुठाय?" मांडणीमागून आवाज आला. तो कोल्डचा प्रमुख. तीस वर्षं इथेच काढलेला, एकोणसाठीचा गृहस्थ. वायफळ असं कधी बोलायचा नाही आणि घाई म्हणून कशाचीच करायचा नाही. त्याला सगळे थंडोबा म्हणत, ते कामावरूनही आणि स्वभावावरूनही.

"नको शाल," मावशी म्हणाल्या.

"बरं नाही का?"

"नव्हतं. आत्ता बरं झालं."

कार्नेशनचे खोके तिसऱ्या मांडणीवर मागे सरकलेले सापडले. पण त्या दिवसापासून मावशींना कोल्डमध्ये सारखं काहीतरी काम निघू लागलं. लिली किती उमलल्यात ते बघायचं, जरबेरा मोजायचेत, परवाच्या खोक्यांवरच्या चिठ्ठ्या तपासायच्यात. एका आठवड्यात त्या अकरा वेळा खाली गेल्या. थंडोबाने मोजलं होतं.

"बाई, तुम्हाला इथे आवडतं," बाराव्या वेळी तो म्हणाला.

"आवडतं."

त्याने हातमोजे काढले आणि दोन्ही पंजे पुढे केले. बोटांची टोकं मेणासारखी पांढरी पडली होती आणि मधली दोन बोटं पुरती मिटत नव्हती. "डॉक्टर म्हणतात, थंडी बंद. महिनाअखेरपर्यंत बाहेर पडायचंय. माझ्या जागी तिघे येऊन बघून गेले. एकजण दोन दिवस टिकला. बाकीचे तेवढेही नाहीत."

मावशी जिन्याकडे वळल्या. दोन-दोन पायऱ्या चढायचं म्हटलं तर आता गुडघे ऐकत नसत, पण त्या दिवशी त्या एकाही पायरीवर थांबल्या नाहीत. थेट काचेच्या केबिनमध्ये.

"मॅडम, कोल्ड मला द्या."

मालकिणीने लॅपटॉपवरून मान वर केली. "म्हणजे?"

"थंडोबांची जागा. मी करते."

"मावशी, तुम्ही? मग फोन कोण घेणार?"

"थंडोबा."

"त्यांना बोलायला आवडत नाही."

"म्हणून तर कामापुरतं बोलतील. माझ्यासारखे दुकानदारांच्या सुनांच्या चौकशा करत बसणार नाहीत."

मालकिणीला हसू आलं, पण तिने ते आवरलं. "मावशी, तुम्हाला एक्कावन्नावं चालू आहे."

"तोच तर मुद्दा आहे," मावशी म्हणाल्या. मग खुर्ची ओढून बसल्या आणि सगळं सांगितलं. पाळीचं सांगितलं, घामाचं, पहाटे साडेतीनचं, निसटणाऱ्या शब्दांचंही. तेवीस वर्षांत या ऑफिसात 'पाळी' हा शब्द त्यांनी पहिल्यांदा मोठ्याने उच्चारला, आणि तोही काचेच्या केबिनमध्ये, जिथून अर्धं वाक्य बाहेर ऐकू जातं. बाहेर संगणकवाला एकदम कीबोर्डवर जोरजोरात टाइप करू लागला.

मालकिणीने लॅपटॉप मिटला. "माझी आई या काळात दारं आपटायची," ती म्हणाली. "आम्हाला वाटायचं, आमचंच काहीतरी चुकलंय. कुणी सांगितलंच नाही." आणि मग, "महिनाभर करून बघू."

मावशी केबिनबाहेर आल्या तेव्हा त्यांचे कान गरम झाले होते, पण ते त्या उबेने नव्हे. कॉलेजच्या पहिल्या दिवशी झाले होते, तसे. त्यांनी पर्समधून रिमोट काढला आणि संगणकवाल्याच्या टेबलावर ठेवला. "घे बाबा. सुखी राहा."

घरी सांगणं मात्र सोपं नव्हतं. मावशींचे यजमान भूमितीचे मास्तर. चार महिन्यांपूर्वी निवृत्त झालेले. शाळा सुटल्यापासून त्यांना हात कुठे ठेवावे ते कळत नव्हतं, म्हणून त्यांनी ते मावशींच्या स्वयंपाकघरात घातले होते. डबे उंचीप्रमाणे लावून झाले होते, चमचे लांबीप्रमाणे. मावशींना आठ दिवस मीठ सापडलं नव्हतं.

"अगं, या वयात माणसं उभ्याचं काम सोडून खुर्चीकडे जातात," मास्तर म्हणाले. "तू खुर्ची सोडून बर्फात निघालीस."

"बर्फ नाही. चार अंश."

"न्यूमोनियाला तेवढे पुरतात."

"अहो, तासाला वीस मिनिटं बाहेर यायचं असतं. नियम आहे तसा. आणि मला पहाटे पाचला जावं लागेल."

"पाचला?"

"नाहीतरी साडेतीनपासून मी छताकडे बघत पडलेली असते. तुम्हालाही झोपू देत नाही."

मास्तरांनी बशीतला चहा फिरवला. मग एकदम मान वर करून म्हणाले, "आणि डबा?"

मावशींनी याचा विचारच केला नव्हता. इतकी वर्षं दोन डबे त्याच भरत आल्या होत्या, एक स्वतःचा आणि एक मास्तरांचा.

"डबा मी करतो," मास्तर म्हणाले, आणि फळ्यावर नवं प्रमेय लिहावं तशा गांभीर्याने त्यांनी विळी कुठे आहे असं विचारलं. पहिल्या दिवशीच्या भाजीत गाजराचे चौकोन असे तंतोतंत सारखे होते की मोजपट्टी लावावी. शिजले मात्र नव्हते. मावशींनी ते कुरुमकुरुम चावून संपवले आणि छान झालंय म्हणून सांगितलं.

थंडोबाने पंधरा दिवस शिकवलं. शिकवणं म्हणजे तो एक वाक्य बोलायचा आणि अर्धा तास गप्प राहायचा. भिंत आणि खोका यांच्यात चार बोटं जागा, हवा फिरली पाहिजे. जो माल आधी आला तो आधी बाहेर. अँथुरियम आत आणायचं नाही, थंडीने काळं पडतं. सफरचंद, केळं तर दारातूनच परत, कारण पिकणाऱ्या फळाचा वायू लागला की कार्नेशन मिटून जातात. एकदा संगणकवाला यादी द्यायला आला तेव्हा थंडोबाने दुरूनच वास घेऊन त्याच्या खिशातलं सफरचंद बाहेर काढायला लावलं होतं.

"आणि कान उघडे ठेवा, बाई," शेवटच्या दिवशी तो म्हणाला. "मशीन बिघडण्याआधी आवाज बदलतं. दोन-तीन मिनिटं आधी सांगतं. ऐकणारं कुणी असलं पाहिजे."

मावशींना सगळं आवडत होतं, पण एक गोष्ट जमत नव्हती. कुठल्या मांडणीवर कोणता माल आणि कोणत्या दिवशीचा, हे थंडोबाच्या डोक्यात कोरलेलं असायचं. मावशींचं डोकं आता ते धरून ठेवायला तयार नव्हतं. सकाळी ठेवलेला लाल गुलाब दुपारी दोन मांडण्यांवर शोधत फिरावं लागे. दोन दिवस त्या मनातल्या मनात चरफडल्या. तिसऱ्या दिवशी बाजारातून चौदा पाट्या आणि खडूचा डबा घेऊन आल्या. प्रत्येक मांडणीला एक पाटी टांगली: काय, किती, कधी आलं, किती उमललं. दाराबाहेर एक मोठा फळा, त्यावर सगळ्या पाट्यांची बेरीज. फळा मास्तरांनी येऊन आखून दिला. रेघा इतक्या सरळ की हॉलमधल्या बायका बघायला जमल्या.

थंडोबा आधी गालातल्या गालात हसला. नवव्या दिवशी मावशींनी त्याला पाटी वाचताना पकडलं. "उगीच," तो म्हणाला, "खडू चांगला आहे का बघत होतो."

त्यांच्या अंगाची कुरबुर काही थांबली नव्हती. उबेची लाट आली की स्वेटर काढायचा, ओसरली की घालायचा, असं दिवसातून वीस वेळा. पॅकिंगच्या हॉलमध्ये चौघी बायका होत्या. त्यांतली थोरली एक दिवस कात्री चालवता चालवता हळूच म्हणाली, "मावशी, मलाही होतं हे. मला वाटायचं, रक्तदाब वाढलाय म्हणून." दुसरी म्हणाली, तिच्या जाऊबाईंना होतं. तिसरी पस्तिशीची होती, तिने सगळं नीट विचारून घेतलं, पुढे उपयोगी पडेल म्हणून. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत चौघी एका मागून एक दोन-दोन मिनिटं कोल्डमध्ये उभ्या राहून आल्या आणि खिदळत बाहेर पडल्या. वर थंडोबा फोनवर "हं. किती? कधी? ठीक," एवढ्या चार शब्दांत ऑर्डरी घेत होता. दुकानदारांनी आठवडाभर तक्रार केली, मग त्यांनाही बरं वाटू लागलं. त्याच्या बोटांना रंग परत येत होता.

सातव्या आठवड्यात मोसमातला सगळ्यात मोठा माल भरला. चारशे बारा खोके. अकरा वाजता आतून गार करता येणारा ट्रक येणार आणि माल थेट विमानतळावर जाणार. मावशी त्या दिवशी पाचच्याही आधी पोचल्या. कोल्ड गच्च भरलेलं होतं. त्या पाट्यांवरून हात फिरवत चालल्या होत्या आणि त्यांना आपलं हे राज्य बघून मनातून उकळ्या फुटत होत्या.

सहाला दहा कमी असताना आवाज बदलला.

घरघरीत एक खरखर शिरली, जशी घशात काही अडकावं. मावशी थांबल्या. मनात आलं, भास असेल. तेवढ्यात खट्ट झालं आणि मागच्या बाजूचं मशीन बंद पडलं.

मावशींनी धावतच बाहेर येऊन आधी दार घट्ट लावलं, मग फोन. थंडोबा दोन गल्ल्यांपलीकडे राहायचा. दहा मिनिटांत तो आला, सदऱ्याची बटणं एका घराने चुकवून लावलेली. आयुष्यात पहिल्यांदा त्याला पळताना बघून थोरलीच्या हातातली कात्री खाली पडली. त्याने मागे जाऊन बघितलं.

"मशीनची उष्णता बाहेर टाकते त्या जाळीचा पंखा गेला. जाळी तापली की मशीन स्वतःला बंद करून घेतं. मेकॅनिकला यायला दहा तरी वाजतील."

"तोपर्यंत?"

"पाइप आणा. जाळीवर पाणी मारत राहिलो तर मशीन रडतखडत चालेल. थोडा वेळ चालेल, थोडा वेळ बंद पडेल. पण खोली चारवर राहणार नाही."

त्याने पाइप लावला आणि तो मागे उभा राहिला. मावशींनी आतले दिवे बंद करायला लावले, दिव्याचीही ऊब असते. दार त्यांच्या परवानगीशिवाय कुणी उघडायचं नाही असं बजावलं. मग त्या फळ्यासमोर उभ्या राहिल्या. तिथे सगळं होतं, मांडणीवार, दिवसवार. कालपरवाची बारीक कळी तग धरेल. चार दिवसांपूर्वीची लिली आणि पिवळे गुलाब धरणार नाहीत. चष्मा घरी राहिला होता, म्हणून त्या दोन पावलं मागे सरल्या आणि मग सगळं स्वच्छ दिसलं.

फोन त्यांच्या हातात होताच. तेवीस वर्षं ज्या नंबरांवर बोटं फिरली होती ते नंबर, आश्चर्य असं, एकही निसटला नव्हता. शब्द विसरणारं तेच डोकं आकडे धडाधड ओतत होतं. पहिला फोन ट्रकवाल्याला. तो शहराबाहेर चहाला थांबला होता.

"भाऊ, चहा अर्धा ठेव आणि नीघ. गाडी आधीपासून गार करत ये."

दुसरा बर्फाच्या कारखान्याच्या म्हाताऱ्या मालकाला. त्यांच्या तिन्ही मुलींच्या लग्नातली फुलं मावशींनीच पाठवली होती. "काका, वीस लाद्या. आत्ता. का ते नंतर सांगते." मग गावातल्या नऊ दुकानदारांना, की तुमचा दुपारचा माल आत्ताच येऊन घेऊन जा, आणि येताना ओली पोती आणा. सात जण तयार झाले. एकाने झोपेतच हो म्हटलं आणि परत फोन करून कशाला हो म्हटलं ते विचारलं.

साडेसहाला मालकीण आली. केस विंचरलेले नाहीत, पायांत दोन वेगळ्या चपला. "दार उघडा, सगळा माल वर ऑफिसात हलवू. एसी सोळावर टाकू."

"नाही," मावशी म्हणाल्या.

"मावशी, आत तापमान वाढतंय."

"दार उघडून चारशे खोके जिन्याने चढवलेस तर अर्ध्या तासात गेलं सगळं. बंद राहिलं तर तासाला दोन अंश चढेल. मला तीन तास मिळतात. तू वर जा आणि विमानतळाला फोन कर, माल दीड तास आधी येतोय म्हणून सांग. इंग्रजी तुझं चांगलं आहे."

सगळ्यांसमोर मावशींनी मालकिणीला तू म्हटलं होतं, आणि तेही गृहपाठ कर म्हणावं तशा सुरात. मावशींच्याही ते लक्षात आलं, पण शब्द तोंडातून गेले होते. मालकीण जिना चढून गेली.

बर्फ आला. चौघींनी लाद्या पत्र्याच्या ट्रेमध्ये ठेवल्या आणि एकदाच, झटक्यात दार उघडून आत ढकलल्या. मावशी बॅटरी घेऊन आत राहिल्या. मशीन मधूनमधून सुरू व्हायचं, पुन्हा गचके खाऊन थांबायचं. भिंतीवरचा काटा सहावर होता. मग सातवर. आणि नेमकी तेव्हाच छातीतून ती ऊब उठली. घाम डोळ्यांत उतरू लागला. खोली तापतेय की आपण तापतोय, मावशींना कळेना. काटा सात दाखवत होता आणि अंग म्हणत होतं चाळीस. क्षणभर त्या घाबरल्या. मग त्यांनी स्वेटर काढून खांद्यावर टाकला आणि स्वतःशीच म्हणाल्या, अंगाचं ऐकायचं नाही, काट्याचं ऐकायचं. लाट आली तशी गेली. काटा सातवरच होता.

दुकानदार आले. एकेक जण दारापाशी, एकेक हातगाडी, मावशी पाटीवरून नाव वाचणार आणि थोरली उचलणार. आठ वाजता ट्रक मागच्या दाराला येऊन लागला. थंडोबा पाइप मास्तरांच्या हातात देऊन पुढे आला. मास्तर डबा द्यायला म्हणून आले होते आणि अंगावर पाणी उडवून घेत जाळी धूत उभे राहिले ते शेवटपर्यंत हललेच नाहीत.

"आधी काय भरायचं?" थंडोबाने विचारलं. तीस वर्षांत त्याने कुणाला हे विचारलं नव्हतं.

"सहावी मांडणी, मग दोन, मग नऊ. लिली बघून, उघडल्या असतील तर बाजूला."

दीड तासात चारशे बारांपैकी तीनशे शहाण्णव खोके ट्रकमध्ये चढले. सोळा खोके लिली उमलून गेल्या होत्या, त्या पाठवता येणार नव्हत्या. काटा शेवटी नऊला टेकला होता. ट्रकचं दार बंद झालं तेव्हा पावणेदहा वाजले होते, आणि मेकॅनिक हातात पिशवी घेऊन निवांत फाटकातून आत येत होता.

मावशी उलट्या बादलीवर बसल्या. तोंडावरचं हसू काही केल्या जात नव्हतं. मालकीण खाली आली आणि त्यांच्यासमोर दुसरी बादली उलटी करून बसली.

"मॅडम, मघाशी जरा..." मावशींनी सुरुवात केली.

"मॅडम नको. तूच म्हण," मालकीण म्हणाली. "तू मॅडम म्हणायला लागलीस तेव्हापासून, गेले आठ महिने मला वाटतंय, मी तुला काहीतरी केलंय आणि तू रागावलीयस."

"वेडी आहेस," मावशी म्हणाल्या, आणि दोघी मालकिणीच्या पायांतल्या दोन वेगळ्या चपलांकडे बघून हसत सुटल्या.

उमललेल्या लिली त्या दिवशी ज्याने त्याने घरी नेल्या. संगणकवाल्याने दोन जुड्या नेल्या, कुणासाठी ते सांगितलं नाही. महिनाभराची चाचणी संपल्याचं कुणाच्या लक्षातही आलं नाही. मावशींच्या नावाची पाटी कोल्डच्या दारावर लागली आणि मास्तरांना शेवटी भाजी किती शिजवायची ते कळलं.

मग दीड वर्ष गेलं. एका सकाळी मावशी दुसऱ्या मांडणीवरची पाटी पुसत होत्या आणि त्यांच्या लक्षात आलं, की पाचपासून स्वेटर एकदाही उतरलेला नाही. दात वाजत होते. त्यांनी वाट पाहिली. दुपारपर्यंत लाट आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, आठवडाभर नाही. पहाटे साडेचारला मास्तरांनी मावशींना गदागदा हलवून उठवलं, कारण त्या स्वतःच घड्याळाचा गजर बंद करून पुन्हा झोपल्या होत्या.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "झालं. सुटलात."

मावशींना आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण त्याच्या पाठोपाठ एक धास्ती आली. आता कोल्ड त्यांनाही इतरांइतकंच थंड होतं. वर थंडोबा निवृत्त होणार होता आणि ऑर्डरची खुर्ची रिकामी होत होती. मालकिणीने खाली येऊन विचारलंच.

"मावशी, वरची जागा हवी का तुला परत? तुझीच आहे."

"तुला मी वर हवी आहे?"

"नाही."

"मग विचारतेस कशाला?"

"थंडी वाजते म्हणून ऐकलं."

"वाजते," मावशी म्हणाल्या. "मग काय झालं? सगळ्यांनाच वाजते. जाकीट घेईन."

त्या रविवारी, भर दुपारच्या उन्हात, मावशी आणि मास्तर जाकीट घ्यायला गेले. बर्फाच्या डोंगरांवर चढणाऱ्यांचं सामान विकणारं एक दुकान होतं, तिथे. दुकानदाराने त्यांच्याकडे बघून आधी पाणी दिलं. मावशींनी पाच जाकिटं घालून बघितली. घाम येत होता, पण तो साधा घाम होता, दुकानदाराला येत होता तसाच. मास्तरांनी खिशातून टेप काढून बाह्यांची लांबी मोजली आणि डावी बाही अर्ध्या सेंटिमीटरने मोठी आहे असं जाहीर केलं.

"कुठल्या शिखरावर निघालात?" दुकानदाराने विचारलं.

"कामावर," मावशी म्हणाल्या, आणि आरशासमोर वळून बघितलं. लाल रंगाचं होतं, कमरेखालपर्यंत येणारं. हात वर करून बघितले, वाकून बघितलं, खांद्यावर खोका उचलल्यासारखं करून बघितलं. कुठे काचत नव्हतं. "हेच द्या. आणि याच्या आत घालायचं काही असतं ना, ते... लोकरीचं, लांब हाताचं, काय म्हणतात त्याला?"

मास्तर आणि दुकानदार दोघेही तो शब्द शोधू लागले. त्यांच्याही जिभेवरून तो निसटला होता.